रस्त्यावर वाजवणाऱ्या कलाकाराला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

नमस्कार, मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हा चौघांना सेमिस्टरचा प्रोजेक्ट म्हणून ८ मिनिटांचा माहितीपट करायचाय आणि विषय ठरलाय, स्टेशनच्या पुलावर पेटी वाजवणारे एक काका. रेकी झाली, शॉटलिस्ट अर्धी झाली, अडलंय ते शब्दावर. प्रपोजलमध्ये मी 'स्ट्रीट म्युझिशियन' लिहिलं होतं, सरांनी ते खोडून 'पथवादक' केलं, मैत्रीण म्हणते 'रस्त्यावरचा कलाकार' लिही, आणि पुलावर शेंगदाणे विकणाऱ्या मावशींना विचारलं की पेटीवाले काका कधी येतात, तर त्या म्हणाल्या "कोण, तो आंधळा होय?" ते ऐकून कसंतरीच झालं. शब्द चुकला तर फिल्मच चुकेल असं वाटतंय. आपला असा शब्द आहे का?

प्रतिसाद

पथनाट्य चालतं म्हणून पथवादक चालायला हवा खरा, पण पुण्यात कुणाला म्हणून बघ, ढोल-ताशा पथकातलाच वादक डोळ्यासमोर येतो. आणि 'रस्त्यावरचा' तर अजिबात नको. मराठीत माणूस रस्त्यावर आला म्हणजे त्याचं सगळं गेलं, धुळीला मिळालं असा अर्थ होतो, तो अर्थ तुझ्या नावातून आपोआप आत शिरेल आणि काकांनी तोंड उघडायच्या आधीच बघणारा कीव करायला लागेल.

आपल्याकडे या सगळ्यांसाठी एकच शब्द झाला नाही कारण प्रत्येकाला स्वतःचं नाव होतं. अंधारात कंदील घेऊन कुडमुडं वाजवत येतो तो पिंगळा, सकाळी मोरपिसांची टोपी घालून टाळ-चिपळ्या वाजवत येतो तो वासुदेव, संबळ-तुणतुणं असेल तर गोंधळी, डौर असेल तर भराडी, किंगरी असेल तर डक्कलवार. नाव घेतलं की त्याची वेळ, त्याचं वाद्य, त्याचा देव सगळं कळायचं. आणि हे सगळे यायचे दारात, त्यामुळे 'रस्त्यावरचा' असं म्हणायची वेळच आली नाही. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी स्वतःच्याच नावाने येतात, तिथेही त्यांना सरसकट एक शब्द नाही.

प्रतिसाद

ताई, नावाइतकाच महत्त्वाचा आहे पैशाचा शब्द. काकांपुढे जे नाणं पडतं त्याला तुमच्या निवेदनात काय म्हणणार? दान, भिक्षा, माधुकरी, जोगवा, भीक, बिदागी, तमाशातली दौलतजादा, हे सगळे देणारा-घेणाऱ्यातलं नातं सांगणारे शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. वासुदेव "दान पावलं" म्हणतो आणि ते कोणकोणत्या देवाला पावलं त्यांची नावं घेतो, म्हणजे तो पोचवणारा असतो, मागणारा नाही. गवयाला बिदागी देतात. तेच सूर पुलावर वाजले की लगेच भीक.

हे फक्त लोकांच्या बोलण्यात नाही, कायद्यातही आहे. मुंबईच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्याच अशी आहे की सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं असल्या बहाण्याने असो किंवा नसो. गाण्याला 'बहाणा' म्हटलंय! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार लागलं होतं. हाच कायदा दिल्लीतही लागू होता, तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. कॅमेरा लावण्याआधी हे तुम्हा चौघांना माहीत असूदे, कारण उद्या शूटिंगमुळे पोलिसांचं लक्ष गेलं तर तुम्ही घरी जाल, त्रास काकांना होईल.

प्रतिसाद

एक छोटी भर. माहितीपट बरोबर आहे. लघुपट म्हणजे नुसती लांबी, गोष्ट रचलेली असली तरी चालते. जुने लोक अनुबोधपट म्हणायचे, पण त्यात बोध आला आणि काकांकडून बोध कशाला काढायचा.

बाकी आम्ही इथे कितीही शब्द सुचवले तरी त्यांना विचारलंत का ते स्वतःला काय म्हणवतात? नाहीतर कॅमेरा न घेता जा आणि नुसती बसून ये.

मूळ प्रश्न विचारणारी

काल गेले होते, कॅमेरा घरी ठेवून, दोन तास बसले. पेटीची एक पट्टी दाबली की खालीच राहायची, तिला त्यांनी रबरबँड बांधलाय, तो बोटाने चाचपून सारखा करतात आणि मग भाता उघडतात. मी म्हटलं काका आज गर्दी कमी आहे, तर म्हणाले "अजून भवानी नाही झाली." मी बघतच राहिले, हा तर माझ्या आजीचा भाजीच्या गाडीवरचा शब्द! थोड्या वेळाने कुणीतरी १० चं नाणं टाकलं, ते त्यांनी आधी पेटीला लावलं, मग कपाळाला, आणि खिशात घातलं. बसल्यापासून कुणापुढे हात पसरला नाही, वाजवत होते फक्त. म्हणजे त्यांच्या लेखी तो धंदा आहे, रोजचं काम आहे. आता निवेदनात दान नाही, भीकही नाही, 'कमाई' म्हणणार.

आणि विचारलं मी, तुम्हाला काय म्हणतात. म्हणाले गावाकडे भजनी मंडळात पेटीवर होतो, तिथे सगळे पेटीमास्तर म्हणायचे, इथे कोण काय म्हणणार. हे सांगताना हात पेटीवरच होते. मी तेव्हापासून त्यांना मास्तर म्हणतेय, त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. पहिला शॉट ठरला, रबरबँड आणि बोट, चेहरा नंतर. नावही ठरलं. फक्त सांगा, पेटीमास्तर जोडून लिहायचं की मधे जागा सोडायची?

प्रतिसाद

जोडून. पोस्टमास्तर लिहितो तसंच.