स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) सगळं हिरवं, प्रॉडक्शनला (खऱ्या सर्व्हरवर) डबल एंट्री. टेस्टिंगसाठी मोठा क्लस्टर (एकत्र चालणारी मशीन) लागेल का?

मुळशीची_क्यूए
मंडळी, आमची ऑर्डर सर्व्हिस काफ्का (मेसेजची रांग) आणि कॅसँड्रावर (अनेक मशीनवर पसरलेला डेटाबेस) चालते. युनिट, इंटिग्रेशन, लोड, सगळ्या टेस्ट पास होतात. तरी नेटवर्क जरा गडबडलं की प्रॉडक्शनला एकाच ऑर्डरच्या दोन एंट्री पडतात, आणि स्टेजिंगला काही केल्या रीप्रोड्यूस होत नाही. मॅनेजर म्हणतात, प्रॉडक्शनएवढा क्लस्टर उभा केल्याशिवाय हा बग हाती लागणार नाही. बजेट मागायच्या आधी विचारते, खरंच तेवढी मशीन लागतात का?

विदर्भ_बॅकएंड
रीट्राय (तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं) कोण करतं? क्लायंट, गेटवे की कन्झ्युमर (काफ्कातले मेसेज वाचणारा प्रोग्राम)? आधी ते शोधा.

रात्रपाळी
ताई, बजेट मागू नका, तीन नोड (क्लस्टरमधली मशीन) पुरतात. टोरांटो विद्यापीठातल्या डिंग युआन यांच्या गटाने 2014 मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या अनेक मशीनवर चालणाऱ्या सिस्टिममधली प्रत्यक्ष घडलेली 198 फेल्युअर्स तपासली. त्यातली 98 टक्के तीन किंवा त्याहून कमी नोडवर घडवून आणता येतात. आणि ज्यांनी सगळी सिस्टिमच आडवी केली, त्यातल्या 92 टक्क्यांत एरर प्रोग्रामला नीट कळली होती, तिला हाताळणारा कोड चुकला होता. कुठे कॅच ब्लॉक (एरर हाताळायची जागा) रिकामा, कुठे नुसता 'टूडू'. मॅनेजरांना हा पेपर आवर्जून दाखवा.

तुमच्या स्टेजिंगला मशीन कमी नाहीत, बिघाड कमी आहेत. तिथलं नेटवर्क कधी तुटतच नाही, मग ती वाट टेस्ट होणार कशी? लोड कितीही वाढवा, त्याने हे भागत नाही.

आता करायचं काय. आयपीटेबल्सने (लिनक्सचा फायरवॉल) एका नोडकडून दुसऱ्याकडे जाणारी पॅकेट्स अडवा, उलट दिशेची चालू ठेवा. असं एकतर्फी तुटणं फार कमी लोक तपासतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. टीसी नेटेमने (लिनक्सचंच नेटवर्क बिघडवायचं टूल) डिले घाला. सगळ्यात आधी मात्र हे करा: कन्झ्युमरची प्रोसेस मारू नका, किलचा स्टॉप सिग्नल देऊन गोठवा. काफ्काच्या सेशन टाइमआउटपेक्षा, म्हणजे गप्प कन्झ्युमरला मेलेला धरायच्या मुदतीपेक्षा, जास्त वेळ गोठलेली ठेवा (काफ्का 3.0 पासून डीफॉल्ट 45 सेकंद आहे), मग कंटिन्यू द्या. मेलेली प्रोसेस काही लिहीत नाही. गोठून उठलेलीला मधला वेळ गेल्याचा पत्ताच नसतो, ती हातातलं काम पुरं करते.

तपासायचं कसं, हेही तितकंच महत्त्वाचं. '200 (सर्व्हरचं 'ठीक आहे' उत्तर) आला' एवढ्यावर टेस्ट हिरवी करू नका. प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तर वेळेसकट लिहून ठेवा, शेवटी टेबल वाचून ताळा करा. टाइमआउटला 'फेल' धरू नका, 'माहीत नाही' असा तिसरा कप्पा ठेवा, कारण राइट झालेलाही असू शकतो. काइल किंग्सबरी यांचं जेपसेन (डेटाबेस तपासायचं टूल) 2013 पासून हेच करत आलंय, आणि नावाजलेल्या डेटाबेसचे दावे त्याने खोटे ठरवलेत.

विदर्भ_बॅकएंड
+1. गिटहबचा (कोड ठेवायची साइट) ऑक्टोबर 2018 मधला बिघाड आठवा. नेटवर्क तुटलं फक्त 43 सेकंद, पण अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये एकमेकांकडे नसलेले राइट्स पडले. सगळं पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

मुळशीची_क्यूए
दादा, सापडलं! लॅपटॉपवर डॉकरमध्ये तीन नोड उभे केले. कन्झ्युमर मेसेज वाचून राइट करायच्या आत गोठवला. रीबॅलन्स झाला (काफ्काने त्याचं काम दुसऱ्यांना वाटलं), दुसऱ्या कन्झ्युमरने तोच मेसेज उचलून एंट्री केली. पहिला उठला आणि त्यानेही केली. प्रायमरी की (ओळीची ओळख) म्हणून कोड राइटच्या वेळी नवा यूयूआयडी (रँडम आयडी) बनवतो.

रात्रपाळी
मग ओळख राइटच्या वेळी बनवायचीच नाही. ग्राहकाच्या रिक्वेस्टसोबत जो आयडी येतो, तोच प्रायमरी की करा. कॅसँड्रात इन्सर्ट म्हणजे अपसर्टच (ओळ असेल तर तिच्यावरच लिहिणं), त्यामुळे तीच की दुसऱ्यांदा आली तरी दुसरी ओळ तयार होत नाही. फक्त एक बघा, मधल्या वेळात ऑर्डर रद्द झाली असेल तर उशिरा उठलेला कन्झ्युमर जुनं स्टेटस वर लिहील. तिथे 'इफ नॉट एक्झिस्ट्स' (ओळ आधी नसेल तरच लिही) वापरा. त्यालाही टाइमआउट येऊ शकतो, तेव्हा परत वाचून खात्री करा.

आणि ही टेस्ट सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) रोज रात्री चालवा. कधी, कोणाला गोठवायचं हे रँडम ठेवा, पण सीड (रँडम आकडे ज्यापासून निघतात तो आकडा) लॉगमध्ये छापा. थ्रेडचा क्रम दर वेळी तोच येईल असं नाही, पण निदान बिघाडाचं वेळापत्रक तरी हुबेहूब परत लावता येतं.