‘फोन असताना जीपीएस घेणारे हौशे’ म्हणजे आम्हीच का?

कातळकडा:
काल इथे विमानमोड यांनी लिहिलं: "फोनमध्ये सगळं फुकट मिळत असताना वीस-पंचवीस हजारांचं जीपीएस गळ्यात अडकवून फिरणारे हौशे. यांना वाट सापडण्यापेक्षा फोटोत दिसायची घाई." त्यावर हसण्याच्या बाहुल्या टाकणारे निम्मे लोक पावसाळी ट्रेकला गडाच्या पायऱ्यांपलीकडे गेलेले नसतात, म्हणून जरा सविस्तर.

जुलैत भीमाशंकर-आहुपे पट्ट्यात पठारावर ढग उतरला की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या पावसात टचस्क्रीन वापरून बघा. थेंब पडला की नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, मधेच कुणाला तरी फोन लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर आतून वाफ धरते. ईट्रेक्सला, म्हणजे गळ्यातल्या त्या गार्मिन जीपीएसला, बटणं आहेत. बोटं गारठली, चिखलाने भरली, तरी दाबता येतात. उन्हात पडदा उलट जास्त स्वच्छ दिसतो. आणि दोन पेन्सिल सेलवर कंपनी 25 तास सांगते. सेल संपले तर वाडीतल्या दुकानात मिळतात. तुमच्या फोनची बॅटरी कुठल्या वाडीत मिळते?

फोन मी पण नेतो. बंद करून, सॅकच्या पोटात. डोंगराच्या सोंडेवर कुठेतरी रेंज आली आणि मदतीसाठी 112 लावायची वेळ आली, तर तेव्हा त्यात जीव पाहिजे.

घेणाऱ्यांना एकच सांगणं: ईट्रेक्सची 22एक्स आणि 32एक्स ही मॉडेलं बाहेरून सारखीच दिसतात, पण 22एक्सला होकायंत्र नाही. उभे राहिलात तर तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही, चालायला लागलात की कळतं. धुक्यात कड्याच्या कडेला "आधी चार पावलं चाला, मग दिशा सांगतो" म्हणणारं यंत्र मला नको. वरचे पैसे टाका.

विमानमोड:
एवढा मोठा लेख टाईप कशावर केलात? फोनवरच ना?

मुद्द्याचं बोलू. एक, रेंज नसताना जीपीएस चालत नाही हा गैरसमज अजून जिवंत आहे. विमान मोडवर चालतं, फक्त नकाशा घरून उतरवून न्यायचा. दोन, उपग्रहाच्या एल-1 आणि एल-5 अशा दोन्ही लहरी पकडून जागा जास्त अचूक सांगणारे फोन 2018 पासून बाजारात आहेत. तुमचं लाडकं ईट्रेक्स एकाच लहरीवर चालतं. तीन, 2.2 इंचाच्या पडद्यावर नकाशा बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. पॉवर बँक हजार रुपयांत येते. उरलेल्या पैशात चांगले बूट घ्या.

सोनकी:
पॉवर बँकेचं तेवढं सांगू नका. फोनचं तोंड ओलं झालं की "ओलावा आढळला" असा संदेश येतो आणि तो चार्जिंग घेतच नाही. भर पावसात पॉवर बँक पूर्ण भरलेली, फोन 4 टक्के, आणि आम्ही आळीपाळीने त्या भोकात फुंकर घालतोय. ट्रेक लीडर म्हणे काडेपेटीची काडी घाल. ती पण ओली.

बाकी पडद्याचं पटलं. माझ्या नवऱ्याच्या जीपीएसवर मला चष्मा लावूनही काही दिसत नाही.

देशी_उपग्रह:
सगळे अमेरिकेच्या उपग्रहांवर भांडताय. कारगिलच्या वेळी त्यांनी आपल्याला माहिती नाकारली, ते विसरलात? आपली भारतीय उपग्रहांची नाविक प्रणाली वापरा.

कातळकडा:
कारगिलची ही गोष्ट सगळे सांगतात, कागद कुणी दाखवत नाही. नाविकचा अभिमान मलाही आहे, पण जानेवारी 2025 मध्ये सोडलेला तिचा एनव्हीएस-02 उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही, हेही लिहा की. आणि वाट चुकलेल्या माणसाला उपग्रह कुणाचा याने काय फरक पडतो?

देशी_उपग्रह:
हीच ती मानसिकता. असो.

निवृत्त_सर्व्हेअर:
यंत्र कुठलंही घ्या, आधी आकडे वाचायला शिका. 19 अंश 23.30 मिनिटे आणि 19 अंश 23 मिनिटे 30 सेकंद या दोन वेगळ्या जागा आहेत. 0.30 मिनिट म्हणजे 18 सेकंद, तेव्हा फरक 12 सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर साधारण 370 मीटर. शोधायला निघालेल्या लोकांना असं स्थान कळवलंत तर ते शेजारच्या नाळेत हाका मारत बसतील. अंश-मिनिटं-सेकंद की दशांश, हे फोनवर तोंडाने स्पष्ट सांगायचं.

दुसरं, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी नकाशाची शीट एव्हरेस्ट डेटमवर आहे आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-84 वर. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, आणि हे दोन पाये वेगळे. सेटिंग न बदलता बिंदू उचललात तर आपल्या भागात शंभरेक मीटर सरकतो. घाटमाथ्यावर तेवढ्यात माणूस कोकणात जातो. 2 मे 2000 पर्यंत तर अमेरिकेने नागरी संकेत मुद्दाम बिघडवून ठेवला होता, शंभर मीटरची चूक धरूनच चालायचो. तेव्हा शीट आणि होकायंत्र वापरणारी माणसं होती. आता बाण बघणारी आहेत.

आडवाट:
काकांच्या शेवटच्या वाक्यावर शिक्का. बाण सरळ रेषेत दाखवतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खालच्या बेलपाडा गावाला 'गो टू' लावा, अंतर इतकं कमी दाखवेल की वाटेल तासाभरात चहाला पोचू. मधे अख्खा कडा आहे, ते बाणाला माहीत नाही. खाली उतरणारी नळीची वाट कुठे, बाण कुठे.

नकाशातल्या समोच्च रेषांवरही, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेघांवरही, फार विसंबू नका. फुकटातल्या बहुतेक नकाशांत त्या अंतराळातून मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात, तीस-तीस मीटरचे चौकोन धरून. पंधरा-वीस मीटरचा सरळ टप्पा त्यात नुसता चढ दिसतो. आणि सांदणसारख्या घळीत आभाळाची एक पट्टी दिसते, उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो. तिथे केलेला ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्राने नोंदलेली रेघ, घरी येऊन बघा, आपण भिंतीतून आरपार चाललेले असतो. तोच ट्रॅक कुणीतरी इंटरनेटवर चढवतो, दुसरा उतरवून डोळे मिटून त्यावर चालतो. जानेवारीतला ट्रॅक, चालणार सप्टेंबरात, कारवीची झुडपं डोक्याएवढी. त्यापेक्षा वाडीतून माणूस घ्या.

पदरातला:
बरं झालं कुणीतरी बोललं. मी घाटाखालच्या वाडीतला. गाव लिहीत नाही, नाहीतर तिथलाही ट्रॅक टाकाल.

माझा चुलता वीस-बावीस वर्षं लोकांना घेऊन वर जायचा. आता पोरं फोन बघत थेट वावरातून जातात, कारण कुणाच्या तरी ट्रॅकमध्ये वाट वावरातून गेलीय. तो उन्हाळ्यात गेला होता, तेव्हा वावर मोकळं होतं. आता लावणी केलीय. विचारलं तर म्हणतात, "नकाशात वाट आहे." आणि संध्याकाळी धुक्यात अडकले की मग फोन कुणाला? वाडीला. रात्री बॅटऱ्या घेऊन, काठ्या घेऊन आम्ही जायचं. तेव्हा चुलता आठवतो. सकाळी एसटीत बसून जातात, पैशाचं कुणी विचारत नाही.

विमानमोड:
भावना कळतात, पण घाटवाटा कुणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत. ट्रॅक टाकल्याने लोक चुकायचे वाचतात. आणि सगळे वाटाडे देवमाणसं असतात असंही नाही. आमच्याकडून आगाऊ पैसे घेऊन एकजण अर्ध्या वाटेत "इथून सरळ जावा" म्हणून माघारी गेला होता. सरळ गेलो तर पुढे तीन ढोरवाटा. फोननेच बाहेर काढलं.

पदरातला:
एक माणूस सोडून गेला तर सगळ्या वाड्यांना बोल लावता. मग तुमच्यातले किती जण आमच्या टाकीत आंघोळ करून गेले, ते मी पण लिहू का?

सोनकी:
विमानमोड, त्या बिचाऱ्याने काय सांगितलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत! "भावना कळतात" हे बँकवाले हप्ता चुकल्यावर बोलतात.

विमानमोड:
ताई, मग ट्रॅक टाकायचेच नाहीत का? अपघात झाला की तुम्हीच म्हणणार, माहिती उपलब्ध नव्हती.

आडवाट:
मळलेल्या वाटांचे टाका. कळसूबाईचा टाका, राजगड-तोरण्याचा टाका, तिथे लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. आडवाटेचा टाकायचा तर महिना लिहा, पाणी कुठे होतं ते लिहा, घळीतला वेडावाकडा तुकडा कापा आणि वावरातनं गेला असलात तर तेवढा भाग बांधावरून फिरवा. एवढं करायला कुणाला वेळ नसतो. ट्रॅक टाकल्याची वाहवा मात्र पाहिजे.

विमानमोड:
बरं. महिना लिहीन. बांधाचंही बघतो. खूश?

लडाखवारी:
विषय वेगळा आहे, पण सप्टेंबरात जातोय. इनरीच, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मदत मागता येणारं एसओएस बटणवालं यंत्र, भाऊ अमेरिकेहून आणतोय. कसं आहे?

कातळकडा:
आणू नका! उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला इनरीचपायी ताब्यात घेतलं होतं. नुसते संकेत घेणारं, न पाठवणारं साधं जीपीएस ही वेगळी गोष्ट. भावाला सांगा, 32एक्स आण. थंडीसाठी लिथियम पेन्सिल सेलही घ्या, साधे तिथे लवकर मान टाकतात.

विमानमोड:
म्हणजे शेवटी दुकान लावलंतच.

कातळकडा:
तुम्हाला सूट देतो. पावसाळाभर माझं वापरून बघा, तुमचा फोन माझ्याकडे पिशवीत ठेवा.

पदरातला:
ट्रायल घ्यायला आमच्या बाजूला येणार असाल तर आधी फोन करा. लावणीत चुलता मोकळा नसतो, एकादशीनंतर येईल. पैसे आधी ठरवायचे, जेवण वेगळं. आणि वावरातनं नाही.

विमानमोड:
जेवणात पिठलं-भाकरी असेल तर जीपीएसचाही विचार करू. नंबर व्यक्तिगत निरोपात टाका.