डॉक्युमेंटा १५ : सामायिक पैसा, राजकीय कला आणि कासेलचा तो बॅनर. तुमचं मत काय?

माईनकाठचा
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं की "डॉक्युमेंटा १५ म्हणजे तो ज्यूद्वेषी बॅनर, बाकी लक्षात राहण्यासारखं काय होतं?" आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. मला ते खटकलं म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मनीत कासेल शहरात १९५५ पासून हे समकालीन कलेचं प्रदर्शन भरतं, आता दर पाच वर्षांनी, शंभर दिवस. २०२२ चं प्रदर्शन रुआंगरुपा या जकार्ताच्या ग्रुपकडे दिलं होतं. हे लोक २००० पासून कलाकारांसाठी जागा चालवतात, तिथे लोक जमतात, शिकतात, एकमेकांच्या कामाला हातभार लावतात. गॅलऱ्यांमधली मोठी नावं जमवण्याऐवजी त्यांनी स्वतःसारख्याच जागा चालवणाऱ्यांना बोलावलं. ढाक्याचं ब्रिट्टो आर्ट्स ट्रस्ट, नैरोबीच्या मुकुरू वस्तीतलं वाजुकू, कोपनहेगनला निर्वासितांसोबत काम करणारं ट्रॅम्पोलिन हाऊस, हंगेरीत सरकारी पैशाला हात न लावता चालणारा ऑफ-बिएनाले हा कला महोत्सव. लुम्बुंग म्हणजे इंडोनेशियातलं गावाचं तांदळाचं कोठार, उरलेलं धान्य सगळे तिथे ठेवतात आणि लागेल तसं वाटून घेतात, तीच पद्धत पैशाला लावली. आधी बियाण्याचे म्हणून पैसे दिले, त्याच्या बदल्यात कलाकृती मागितली नाही, तुमची जागा चालवा म्हणाले. बाकीच्या कलाकारांचे छोटे गट केले, प्रत्येक गटाला एक सामायिक रक्कम आणि ती कशी वापरायची ते त्यांनीच बसून ठरवायचं.

मी उन्हाळ्यात जाऊन आलो. डॉक्युमेंटा हाले नावाची इमारत आहे, तिचं काचेचं दार वाजुकूच्या पोरांनी गंजक्या पत्र्यांनी पूर्ण झाकून टाकलं होतं, आत शिरताना अंधारा बोगदा, कानावर वस्तीतले आवाज. तिथून बाहेर पडलं की ब्रिट्टोचा बाजार, भाजीपाला, डबे, पुडे सगळं मातीचं, धातूचं, भरतकाम केलेलं, आणि मागच्या अंगणात त्यांचं खरं पाकघर, जिथे वेगवेगळ्या देशांतून येऊन कासेलमधे राहणारे लोक येऊन रांधत होते. त्याच हॉलमधे थायलंडच्या एका ग्रुपने स्केटबोर्डचा रॅम्प बांधला होता आणि गावातली शाळकरी पोरं त्यावर घसरत होती. एरवी म्युझियममधे न फिरकणारी पोरं ती. मला वाटतं गेल्या कित्येक वर्षांत कलेच्या जागांना पैसा कसा द्यावा यावरचा सगळ्यात धाडसी प्रयोग तो होता आणि तो एका बॅनरखाली गाडला गेला. हे चूक झालं असं मी म्हणतोय.

रंगपेटी
पूर्ण असहमत, आणि तुम्ही बॅनरबद्दल एक ओळही लिहिली नाहीत म्हणून आधी ते लिहिते. तारिंग पादी हा इंडोनेशियातल्या योग्यकार्ताचा ग्रुप, त्यांचा २००२ चा 'पीपल्स जस्टिस' नावाचा प्रचंड बॅनर मुख्य चौकात, फ्रिडरिख्सप्लाट्झवर लावला. त्यात एक सैनिक डुकराच्या तोंडाचा, गळ्यात डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंची खूण असलेला रुमाल, हेल्मेटवर मोसाद, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेचं नाव लिहिलेलं. दुसरा एक माणूस धार्मिक ज्यूंसारख्या कानाजवळ बटा असलेला, सुळे बाहेर आलेले, आणि हॅटवर नाझींच्या एसएस दलाची खूण. हे जर्मनीत! १८ जूनला उद्घाटन, २० ला त्यावर काळं कापड, २१ ला खाली उतरवला.

आता मला सांगा हे कुणाच्या नजरेखालून गेलं? क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन ठरवणारे रुआंगरुपा, म्हणाले आम्ही सगळे मिळून ठरवतो, संचालक साबिने शोरमान म्हणाल्या कलेची आधी तपासणी करणं आमचं काम नाही, कलाकार म्हणाले बॅनर जुना आहे. सगळ्यांचं मिळून म्हणजे शेवटी कुणाचंच नाही. यालाच मी सामायिक पद्धतीचं अपयश म्हणते आणि ते अपघाताने झालेलं नाही, ते त्या पद्धतीतच आहे. शोरमान बाईंना जुलैत जावं लागलं आणि हितो श्टायर्लसारख्या कलाकाराने स्वतःचं काम काढून घेतलं, ती काही उजव्या विचारांची नाही.

तिसरी घंटा
रंगपेटी, बॅनरवर काय होतं ते तुम्ही बरोबर लिहिलंत पण अर्धंच लिहिलंत. तो बॅनर सुहार्तोच्या राजवटीवर आहे. १९६५-६६ मधे इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली आणि बाहेरच्या देशांनी त्या राजवटीला हात दिला, त्याबद्दल आहे. त्याच रांगेत केजीबी, एमआय फाइव्ह, ऑस्ट्रेलियाची एएसआयओ अशा गुप्तचर संस्थांची नावं असलेली हेल्मेटं घातलेले सैनिक आहेत. तारिंग पादी १९९८ मधे, सुहार्तो पडला त्याच वर्षी उभे राहिले, पुठ्ठ्याची बाहुली-माणसं आणि लाकडी ठशांची पोस्टर्स घेऊन मोर्चात जाणारे लोक आहेत ते. कासेलला एका जुन्या बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत त्यांचं बाकीचं वीस वर्षांचं काम लावलं होतं, ते किती जणांनी पाहिलं?

आणि वाद बॅनरपासून सुरू झाला हे तर साफ चूक. जानेवारी २०२२ पासूनच ज्यूद्वेषाचे आरोप सुरू होते, तेही 'द क्वेश्चन ऑफ फंडिंग' या पॅलेस्टिनी ग्रुपवर. त्यावर चर्चासत्रं ठरली होती ती मे मधे रद्द झाली, आणि मे च्या शेवटी त्या ग्रुपच्या प्रदर्शनाच्या जागेत कुणीतरी घुसून भिंतींवर धमक्या लिहिल्या. तेव्हा बॅनर लागायला तीन आठवडे होते. पॅलेस्टिनी म्हणून ज्यांच्यावर आधीच संशय घेतला गेला त्यांचं काय?

रेवदंड्याचा
मला यावर थोडं बोलायचंय कारण आमच्या गावाकडचा विषय आहे. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, पिढ्यान् पिढ्या राहिले, तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. इस्रायलला गेले तरी तिथून मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढतात. आपल्याकडे त्यांना कुणी हात लावला नाही आणि हे चांगलंच आहे, पण त्यामुळे झालंय असं की सुळे, बटा, हॅट या चित्राने एखाद्या ज्यू माणसाच्या पोटात काय होत असेल ते आपल्याला आतून कळत नाही, आपण म्हणतो अहो ते तर राजवटीचं व्यंगचित्र आहे. जर्मनीत तीच चित्रं वर्तमानपत्रांत छापून छापून माणसं मारण्यापर्यंत गोष्ट गेली. तिसरी घंटा यांचा संदर्भ मला मान्य आहे, पण सैनिकाच्या हेल्मेटवर मोसाद लिहिणं एका सरकारवरची टीका आहे आणि त्या दुसऱ्या माणसाचे सुळे एका धर्मावरची, त्यात सुहार्तोचा काय संबंध? तारिंग पादीने स्वतः माफी मागितली, त्यांना ते कळलं. मग आपण त्यांच्यापेक्षा जास्त त्यांची वकिली का करायची.

माईनकाठचा
रेवदंड्याचा, तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करतो. ते चित्र तिथे लागायला नको होतं. पण एका चित्राने, दीड हजाराच्या आसपास कलाकारांचं काम आणि त्यामागची पद्धत रद्द होते का एवढाच माझा प्रश्न आहे. रंगपेटी म्हणतात की दोष पद्धतीतच आहे. एकट्या क्युरेटरच्या हातात सगळं असलेली प्रदर्शनं वादात सापडतच नाहीत का? सापडतात, फक्त तेव्हा कुणी म्हणत नाही की एकट्या माणसाने ठरवण्याची पद्धतच बंद करा.

अर्धा कप
मी कलेतला माणूस नाही, नोकरीनिमित्त तिकडे होतो आणि तिकीट काढून गेलो होतो. खरं सांगायचं तर अर्ध्या ठिकाणी भिंतीवर बाण काढलेले तक्ते, मीटिंगच्या नोंदी, कुशन टाकून बसायच्या जागा. हे सगळं बनवताना त्या लोकांना फार छान वाटलं असणार यात शंका नाही, पण मी बाहेरून आलोय, मला बघायला काय? खर्च ४ कोटी २० लाख युरोच्या आसपास आणि त्यातला निम्मा तरी सरकारी, म्हणजे लोकांच्या कराचा. एवढ्या पैशात बघणाऱ्याचाही थोडा विचार व्हायला पाहिजे ना. स्केटचा रॅम्प आणि पत्र्याचा बोगदा मलाही आवडला, ते मान्य.

तिसरी घंटा
@अर्धा कप, सात लाखांवर लोक बघून गेले, ७ लाख ३८ हजार, कोविडनंतरच्या वर्षात. सगळे कंटाळून परत आले असं नाही म्हणता येणार.

आणि बघण्यासारखं काय होतं विचारताय तर आपल्या मुंबईचा अमोल पाटील तिथे होता, हे इथे किती जणांना माहीत आहे? आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटकं लिहिणारे, मुंबईत आलेल्या कामगारांची. हा मुलगा कुलाब्याच्या क्लार्क हाऊसमधे वाढला, २०१० मधे सुरू झालेली जागा, जिथे विकलं जाईल का हा प्रश्न न विचारता काम करता यायचं. कासेलमधे त्याचं काम ह्युब्नर कारखान्याच्या जुन्या शेडमधे होतं, शहराच्या कामगार भागात. चाळीतल्या घरातून, पोवाड्यातून, सफाई कामगारांच्या अंगातल्या लयीतून आलेलं काम. अशी मुलं जे जे किंवा रचना संसदमधून बाहेर पडल्यावर कुठे जातात? गॅलरीला जे खपतं ते करतात नाहीतर जाहिरातीत जातात. मधली जागा लागते आणि त्या जागेचं भाडं कुणीतरी भरावं लागतं. लुम्बुंगचा मुद्दा हाच होता.

रंगपेटी
अमोल पाटीलचं काम मलाही फार आवडतं आणि त्याच्यासाठी तर मला जास्तच राग येतो! शंभर दिवस पेपरात एकच विषय, त्याच्यासारख्या मुलांच्या कामावर कुणी चार ओळी नीट लिहिल्या नाहीत. हे नुकसान कुणी केलं? तुम्ही म्हणाल जर्मन पेपरवाल्यांनी, मी म्हणेन ज्यांनी बॅनर लावण्याआधी एकदा नीट बघितला नाही त्यांनी. सुतळी बांधायच्या आधी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. त्याला सेन्सॉरशिप म्हणत नाहीत, आपण गणपतीच्या मंडळात देखावा उघडण्याआधी पण सगळे एकदा समोर उभे राहून बघतो.

गिरगावची
सेन्सॉरशिप कुठे सुरू होते ते पुढच्या वर्षी दिसलं की. नोव्हेंबर २०२३, पुढच्या डॉक्युमेंटाचा प्रमुख निवडणाऱ्या समितीत आपले रणजित होस्कोटे होते, मुंबईचे कवी, समीक्षक. एका जर्मन पेपरने शोधून काढलं की २०१९ मधे त्यांनी एका पत्रकावर सही केली होती. ते पत्रक कशाबद्दल? मुंबईतल्या इस्रायली वकिलातीने झायोनिझम (ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं हा विचार) आणि हिंदुत्व यावर ठेवलेल्या कार्यक्रमाच्या निषेधाचं. म्हणजे मुंबईतल्या कार्यक्रमावर मुंबईच्या माणसाने केलेली सही. मागणी झाली की त्यापासून स्वतःला दूर करा, त्यांनी ते मानायला नकार दिला आणि १२ नोव्हेंबरला राजीनामा दिला. चार दिवसांत उरलेल्या सगळ्या समितीनेही दिला. हा माणूस कवी निस्सिम इझिकेल यांच्या सहवासात घडलेला, आणि इझिकेल स्वतः बेने इस्रायली. तो ज्यूद्वेष्टा? ज्या देशाच्या संसदेने २०१९ मधेच ठराव केलाय की इस्रायलवरच्या बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्यांना सरकारी पैसा आणि जागा देऊ नये, तिथे राजकीय कला सरकारी पैशावर करायची कशी? रंगपेटी, दहा मिनिटं बॅनर बघून हा प्रश्न सुटत नाही.

रंगपेटी
होस्कोटेंच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ते अन्यायाचं होतं आणि त्याचा बॅनरशी काही संबंध नव्हता. पण गिरगावची, नीट बघा, तो अन्याय करायला त्यांना धीर कुठून आला? २०२२ मुळे. त्यानंतर प्रत्येकाची जुनी सही काढून बघायला लागले.

रेवदंड्याचा
इझिकेल यांचं नाव निघालं म्हणून बरं वाटलं. एक सांगतो, होस्कोटेंच्या थोडं आधी त्याच समितीतून ब्राखा एट्टिंगर या इस्रायली कलाकारही बाहेर पडल्या होत्या, हमासच्या ऑक्टोबरच्या हल्ल्यानंतर आणि युद्ध सुरू असताना काम पुढे ढकला म्हणाल्या, ते झालं नाही. म्हणजे तिथे दोन्हीकडच्या माणसांना जागा उरली नाही.

अर्धा कप
मग पुढे काय झालं? डॉक्युमेंटा परत होणार आहे की बंद?

माईनकाठचा
होणार आहे. २०२४ च्या डिसेंबरमधे नेओमी बेकविथ यांना नेमलं, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमच्या. १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७. म्हणजे परत एक प्रमुख, मोठ्या म्युझियममधून आलेला. त्या चांगलं करतील, मला शंका नाही, पण पैसा सामायिक ठेवून जागा चालवणाऱ्यांच्या हातात देण्याची गोष्ट आता तिथे कुणी काढेल असं वाटत नाही.

रंगपेटी, तुमच्या त्या दहा मिनिटांवर मी विचार करतोय. सगळ्यांनी मिळून ठरवायचं असेल तर सगळ्यांनी मिळून बघायलाही पाहिजे हे बरोबर आहे, आणि छोट्या गटांच्या बैठका पैशासाठी होत होत्या तशा कामं बघण्यासाठी व्हायला हव्या होत्या. पण ते केलं असतं तर लुम्बुंग मोडलं नसतं, उलट नीट चाललं असतं.

रंगपेटी
केलं नाही ना पण. आणि कामं बघण्याच्या बैठका सुरू झाल्या की त्यात कुणाचा तरी शब्द शेवटचा लागतो, मग ते क्युरेटर म्हणा नाहीतर काहीही म्हणा. मी अजून त्याच मतावर आहे.

गिरगावची
मुंबईत आत्ता अशा किती जागा उरल्यात ज्या भाडं भागवून चालतात, कुणाला माहीत असेल तर लिहा. नाव, भाग, आणि पैसा कुठून येतो तेवढं. मी यादी करतेय, दोन पोरींना पदवीनंतर कामाला जागा हवी आहे.