भेंडीचे बीजोत्पादन: पेरणीची वेळ आणि झाडांमधील अंतर यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. भाजीसाठी भेंडी मी बरीच वर्षे घेत आलो आहे, परंतु बियाण्यासाठी दोनच हंगाम घेतली आहे, आणि या दोन हंगामांच्या अनुभवातून पडलेला पेच जाणकारांसमोर मांडत आहे.

पहिल्या वर्षी पावसाच्या सुरुवातीलाच ४५ × २० सें.मी. अंतरावर (दोन ओळींत ४५ आणि ओळीतील दोन झाडांत २०) बी टोकले. झाडे उंच वाढली, फांद्या जवळजवळ फुटल्याच नाहीत, शेंगा मात्र खोडावर भरपूर लागल्या. फूल उमलल्यापासून शेंग वाळायला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाची झड लागली. दाट पानोळ्यात हवा खेळत नव्हती. तडकू लागलेली शेंग उकलून पाहिली, तर शिरांच्या कडेने पांढरी बुरशी धरलेली होती आणि करड्या-हिरवट टपोऱ्या दाण्यांऐवजी काळपट, सुरकुतलेले दाणे हाती आले. ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासली, तेव्हा जेमतेम निम्मे बी उगवले.

दुसऱ्या वर्षी पेरणी महिनाभर पुढे ढकलली आणि अंतर ६० × ४५ सें.मी. ठेवले. शेंगा कोरड्या हवेत वाळल्या, बी स्वच्छ व वजनदार मिळाले. परंतु दिवस लहान होत गेल्यामुळे फुले लवकर लागली, झाडे ठेंगणी राहिली आणि खोडावरचे पेरे (पान फुटते ते सांधे) कमी पडले. भेंडीला पेऱ्यागणिक एकच शेंग येत असल्याने एकूण उत्पादन घटले. त्यातच पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळ्या शिरांचा मोझॅक हा विषाणूजन्य रोग कोवळ्या झाडांवरच आला.

वेळ आणि अंतर या दोन्ही गोष्टी मी एकदमच बदलल्या, त्यामुळे कोणत्या फरकाचे श्रेय कशाला द्यावे, हे ठरवता येत नाही. बियाण्याचा दर्जा सुधारला तो कोरड्या हवेमुळे, असे माझे मत झुकते; मोकळ्या अंतराने झाडागणिक शेंगा वाढल्या असतील, पण क्षेत्रामागे झाडेच कमी झाली.

माझा मुख्य प्रश्न असा की, उशिरा पेरलेली झाडे मुळातच लहान राहत असतील, तर त्यांना ६० × ४५ सें.मी. इतकी मोकळीक देण्यात काही अर्थ आहे का, की ४५ × ३० सें.मी. अंतर पुरेसे होईल? दाटी केल्यास फांद्या कमी फुटून शेंगा बऱ्याचशा एकाच वेळी वाळतील आणि काढणीच्या खेपा वाचतील, असेही वाटते. मात्र रोगट किंवा भेसळीचे झाड ओळखून वेळेत उपटण्यासाठी ओळींतून मोकळेपणाने फिरता येणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढच्या हंगामात एकाच वाणाचे बी दोन तारखांना आणि प्रत्येक तारखेला दोन अंतरांवर, अशा चार वाफ्यांत पेरण्याचा विचार आहे. खोडावरच्या आणि फांद्यांवरच्या शेंगांचे बी वेगळे ठेवून तपासावे का? पहिल्या दोन-तीन शेंगा भाजीसाठी तोडल्यास उरलेल्या शेंगांतील बी भरण्यावर किती परिणाम होतो, हेही कोणी स्वतः पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.