लॅटिनवर आधारित स्वरचित भाषेत उपपद असावे का?

प्रश्न

लॅटिन शब्दसंग्रहावर आधारलेली एक छोटी भाषा मी रचत आहे. इटालियन गणितज्ञ ज्युझेप्पे पेआनो यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या ‘लातिनो सिने फ्लेक्सिओने’ (विभक्तिरहित लॅटिन) या भाषेप्रमाणे मीही नामाचे पंचमीचे रूप हेच त्याचे एकमेव रूप मानले आहे: लुपो (लांडगा), काने (कुत्रा), उर्बे (नगर). ‘लुपो विदे काने’ (लांडगा कुत्र्याला पाहतो) या वाक्यात कोण कोणाला पाहतो हे शब्दक्रमावरून कळते. परंतु हा कोणी एक लांडगा आहे की आधी उल्लेख येऊन गेलेला, हे मात्र कळत नाही. त्यासाठी लॅटिनमधील ‘इल्ले’ (तो) या दर्शक सर्वनामावरून मी पुल्लिंगी ‘लो’ आणि स्त्रीलिंगी ‘ला’ अशी दोन उपपदे (इंग्रजीतील ‘द’सारखे शब्द) घेतली. ती ठेवावीत का? तसेच ‘-ने’ हा प्रश्नार्थक निपात (रूप न बदलणारा छोटा शब्द) आणि ‘-क्वे’ हा ‘आणि’ या अर्थाचा निपात लॅटिनप्रमाणे शब्दाला जोडूनच लिहावेत का?

पहिले उत्तर

उपपद ठेवा, पण त्याचे रूप एकच असू द्या. ‘उर्बे’ या रूपाकडे पाहून त्याचे लिंग ओळखता येत नाही. म्हणजे विभक्तिप्रत्यय गाळून आपण शिकणाऱ्याचे जे ओझे उतरवले, तेच ‘लो’ आणि ‘ला’ यांच्या रूपाने पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवत आहात. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरलिंग्वा या अशाच स्वरचित भाषेने हे ओळखून लिंग-वचनानुसार न बदलणारे ‘ले’ स्वीकारले; ‘आ’ (-ला, -कडे) आणि ‘दे’ (-चा) यांच्यापुढे त्याचे ‘आल’ आणि ‘देल’ होते, एवढाच काय तो बदल.

मात्र रूप ठरवले म्हणजे काम संपले, असे समजू नका. खरा प्रश्न वापराचा आहे. ‘माणूस मर्त्य आहे’ यासारख्या, संपूर्ण जातीविषयी बोलणाऱ्या वाक्यात उपपद येणार की नाही? इंटरलिंग्वात ते येते. पदवीसह व्यक्तीचे नाव घेतानाही पदवीपूर्वी ‘ले’ लागते. आपल्या व्याकरणात अशा जागांसाठी स्पष्ट नियम नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या मातृभाषेच्या सवयीनेच उपपद वापरू लागेल.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी अंशतः असहमत आहे. उपपद नसले की भाषा लंगडी पडते, हे गृहीतच मला मान्य नाही. आपण मराठीत ‘एक राजा होता’ असे सांगतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘त्या राजाला दोन मुली होत्या’ असे म्हणतो. ‘एक’ आणि ‘तो’ हे शब्द गरजेपुरते येतात, एरवी नाम एकटेच उभे राहते. पेआनो यांच्या भाषेतही उपपद नाही, आणि अगदीच अडले तर ‘इल्लो’ (तो) किंवा ‘उनो’ (एक) वापरता येते. विभक्ती गेली म्हणून उपपद आलेच पाहिजे, असेही नाही. प्राचीन ग्रीकमध्ये विभक्ती आणि उपपद दोन्ही सुखाने नांदत होते.

आणि ठेवायचेच असेल, तर ते नामाच्या आधीच का? रुमानियनमध्ये ‘लुप’चे ‘लुपुल’ होते, म्हणजे उपपद नामाच्या शेवटी चिकटते. (मला व्यक्तिशः ही रचना फार देखणी वाटते, पण तो निकष नव्हे.)

तिसरे उत्तर

निपातांबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पंचमीचे रूप मूळ धरल्यामुळे आपल्या भाषेतील कितीतरी नामे ‘-ने’नेच संपतात: होमिने, रातिओने, आणि आपले स्वतःचे उदाहरण ‘काने’. त्यांना प्रश्नार्थक ‘-ने’ जोडला की ‘होमिनेने’, ‘कानेने’ असे अडखळायला लावणारे शब्द तयार होतात, आणि ऐकणाऱ्याला नामाचा शेवट कुठे झाला व प्रश्न कुठे सुरू झाला हे समजत नाही. लॅटिनमध्ये हा निपात बहुधा वाक्यातील पहिल्या शब्दाला लागत असे आणि नामे निरनिराळ्या विभक्तींत येत असल्याने असा प्रसंग क्वचितच येई. आपल्याकडे तो रोजचाच होईल. त्याऐवजी वाक्यारंभी सुटा ‘आन’ ठेवावा: ‘आन लुपो विदे काने?’ लॅटिनमध्ये हा शब्द मुख्यतः ‘हे की ते’ अशा प्रश्नाच्या उत्तरार्धात येई, परंतु इंटरलिंग्वाने तो साध्या प्रश्नासाठीही चालवला आहे. होकाराची अपेक्षा असेल तर ‘नोन्ने’ आणि नकाराची असेल तर ‘नुम’ हा लॅटिनमधील भेद मात्र अवश्य टिकवा. तो सुटे शब्द वापरूनच होतो, त्यामुळे काही बिघडत नाही. ‘-क्वे’ सोडून द्यावा. ‘एत’ पुरेसा आहे, आणि लॅटिनोद्भव भाषांनीही ‘आणि’साठी बहुतांशी तोच पुढे नेला.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

‘कानेने’ हा शब्द मोठ्याने उच्चारून पाहिला आणि ‘-ने’ तत्काळ काढून टाकला. उपपदाबाबत असे ठरवले आहे की, एकच ‘लो’ ठेवायचे, ते ऐच्छिक मानायचे, आणि आधी उल्लेख आलेल्या वस्तूसाठीच वापरायचे; जातिवाचक विधानात ते येणार नाही. एक शंका उरते: ‘लो लुपो’ म्हणताना ‘लो’ आणि ‘लु’ एकापाठोपाठ आल्याने जीभ अडखळते. त्यासाठी ‘इल्लो’ पूर्ण ठेवावे का?