६०० फुटांचं बोअर मारण्याआधी एकदा विहिरीत उतरून बघा

मोहोळची माती
मार्चमध्ये आमच्या भावकीत चौथं बोअर झालं. ६२० फूट. दोन इंची पाणी लागलं, पेढे वाटले. मे उजाडेपर्यंत पलीकडची आमची ५० फुटी विहीर आटली. आजोबांच्या वेळची, १९७२ च्या दुष्काळातही तळाला पाणी राखलेली. एका रात्री मोटर बंद असताना बोअरच्या केसिंगला, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपला, कान लावला, तर आत पाणी पडत होतं. नळ उघडा राहिल्यासारखा आवाज. म्हणून लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या सोलापूर जिल्ह्यात शेतीसाठी खोल बोअर थांबलं पाहिजे.

'खाली नदी वाहते' असं पाणाड्या सांगतो. नदीबिदी काही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यावर आपण बसलोय. थराचं डोकं सच्छिद्र, मांजऱ्या. पोट म्हणजे घट्ट काळा पाषाण, भेग असेल तिथंच त्यात पाणी. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा गेरू. आमची विहीर बांधीव नाही, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी दिसतं. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली हातभर जाडीचा गेरू. एप्रिलमध्येही गेरूच्या वरची रेघ ओली असायची आणि एका कोपऱ्यातून बोटाएवढा झरा यायचा. गेरू चिकणमातीसारखा, पाणी सहजी खाली सोडत नाही. मग ते त्याच्यावरून आडवं सरकतं, उताराला, ओढ्याकडं. पाऊस संपल्यावरही ओढा दिवाळीपर्यंत वाहायचा तो याच पाण्यावर.

बोअरनं तो गेरू फोडला. केसिंग ३० फूट, खाली उघडं भोक. वरच्या थरातलं पाणी त्यातून खाली चाललंय. नवीन पाणी सापडलेलं नाही, आमच्याच विहिरीचं तिकडं गेलं.

सांगोल्याचा डाळिंबवाला
ताई, विहिरीचं वाईट वाटलं. पण उभी बाग जळताना बघितलीय का? दोन एकर भगवा जातीचं डाळिंब, दहा वर्षांची झाडं. फळ लिंबाएवढं असताना पानं गळायला लागली. घरातलं सोनं ठेवून बोअर मारलं. ४८० फुटांवर लागलं आणि पाणी आपोआप १०० फुटांपर्यंत चढून आलं. वरचं झिरपलेलं पाणी असं चढतं का? ते दाबाखालचं, वेगळं पाणी. शेजारच्या एकाही विहिरीला फरक पडला नाही. एका गेरूवरून सगळा जिल्हा मोजू नका.

मोहोळची माती
दादा, दाबाचं बरोबर आहे. पण दाब येतो कुठून? टाकी उंचावर असते म्हणून नळाला जोर असतो. तसं तुमचं पाणी कुठंतरी चढाला, माळावर मुरलेलं आहे आणि भेगाभेगांतून फार सावकाश तुमच्यापर्यंत आलंय. उपसा त्याच्यापेक्षा जोरात चाललाय. पहिल्या वर्षी १०० फुटांवर होतं, आज किती फुटांवर आहे?

सांगोल्याचा डाळिंबवाला
२६०. मोटर दोनदा खाली सोडली. तरी बाग वाचली, हे मी विसरणार नाही.

वडाळ्याचे गुरुजी
हिशेब मांडतो. आपला पाऊस वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकरावर २२ लाख लिटर. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरा, सव्वादोन लाख. पाटपाण्यावरच्या उसाला एकरी वर्षाकाठी ८० लाख लिटरच्या घरात लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी एक एकर ऊस पंचवीसेक एकरांची मुरवण पितो. डाळिंबवाल्यांना धारेवर धरण्याआधी इकडं बघा.

दुसरं. १०० घागरी मुरमातून उपसता येणारं पाणी दोन-तीन घागरी, बाकी नुसता दगड. म्हणून विहीर दोन पावसांत भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. श्रावणात काठोकाठ विहीर बघून आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस लावतो, चूक तिथं होते.

भीमाकाठ
गुरुजी, आमचा ऊस उजनीच्या कॅनॉलवर आहे, जमिनीतल्या पाण्यावर नाही. उलट पाटाचं पाणी झिरपून आमच्या पट्ट्यातल्या विहिरी उन्हाळ्यात वर येतात. आवर्तन, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडायची पाळी, लांबलं की त्याच विहिरी बसतात. ऊस काढा म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं.

वडाळ्याचे गुरुजी
मान्य, पण ती मुरवण पुण्याकडच्या डोंगरात पडलेल्या पावसाची. कॅनॉल नसलेल्या गावांनी तुमचं बघून ऊस लावला, त्यांच्या बोअरला ते पाणी कोण देणार?

सांगोल्याचा डाळिंबवाला
बंदी हा उपाय नाही. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आहेतच. बोअरची गाडी तरी रात्री येते आणि सकाळी जाते. बंदी आली की ज्याच्याकडं पैसा त्याचं बोअर होणार, गरिबाची बाग जाणार.

मोहोळची माती
दादा, ही भीती खोटी नाही. म्हणूनच सुरुवात घरातून करतेय. काल विहिरीत उतरले होते, गेरूवरची रेघ कोरडी ठणठणीत. भावकीला सांगितलंय, केसिंग गेरूच्या खालपर्यंत उतरवू आणि भोवतीच्या फटीत सिमेंट भरू. चुलते म्हणाले, मग बोअरचं पाणी कमी होईल. मी म्हटलं, काका, जेवढं कमी होईल तेवढं आपल्या विहिरीचं होतं.