‘हे सिद्ध होत नाही’ की ‘असे सिद्ध होत नाही’? इंग्रजी नाउन क्लॉज मराठीत आणताना

अनुस्वार

कराराच्या एका वादातील कागदपत्रांचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एका वाक्यावर मी आणि माझे काम तपासणारे संपादक यांचे मतभेद झाले आहेत, आणि दोन दिवस विचार करूनही माझे समाधान होत नाही. मूळ वाक्य असे आहे: ‘द फॅक्ट दॅट ही साइन्ड डझ नॉट प्रूव्ह दॅट ही हॅड रेड व्हॉट ही साइन्ड.’ मी त्याचे भाषांतर केले ते असे: ‘त्याने सही केली एवढ्यावरून, सही केलेला मजकूर त्याने वाचला होता असे सिद्ध होत नाही.’ संपादकांनी ‘असे’ खोडून तेथे ‘हे’ लिहिले आणि शेरा दिला की येथे नाउन क्लॉज म्हणजे नामवाक्य आहे, नामाच्या जागी सर्वनाम येते, आणि ‘असे’ हे क्रियाविशेषण असल्यामुळे ते या जागी चालणार नाही.

माझ्या कानाला मात्र या एका शब्दाने अर्थ बदललेला वाटतो. ‘त्याने वाचला होता हे सिद्ध होत नाही’ असे म्हटले तर वाचणे घडलेच होते, फक्त पुरावा अपुरा पडला, अशी छटा येते. ‘असे सिद्ध होत नाही’ म्हटले की वाचले किंवा नाही, हा प्रश्न खुला राहतो. इंग्रजी वाक्यात तो खुला आहे. वादाचा निकाल ज्यावर अवलंबून राहू शकतो अशा ठिकाणी ही छटा महत्त्वाची आहे. हा भेद खरोखर भाषेत आहे की माझ्याच कानात आहे?

खडूफळा

मी गेली बावीस वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे आधी इंग्रजी वाक्य सोडवून पाहतो. यात तीन उपवाक्ये आहेत. ‘दॅट ही साइन्ड’ हे ‘फॅक्ट’ या नामाचा आशय सांगते. जुन्या शालेय व्याकरणात त्याला त्या नामाशी समानाधिकरण असलेले नामवाक्य म्हणतात. ‘दॅट ही हॅड रेड’पासून शेवटपर्यंतचे सगळे ‘प्रूव्ह’चे कर्म आहे. तिसरे ‘व्हॉट ही साइन्ड’ हे ‘रेड’चे कर्म. तिसऱ्याबद्दल जाणकारांत एकमत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते नामवाक्यच असते. पण हडल्स्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या व्याकरणात अशा रचनेला नामपदबंध मानले आहे, कारण ‘व्हॉट’ म्हणजे येथे ‘जी गोष्ट ती’. माणूस वाचतो तो कागद; सही केल्याची घटना कोणी वाचत नाही. आपण ‘सही केलेला मजकूर’ म्हणून तेथे विशेषणासकट नामच ठेवलेत, ते त्यामुळे अगदी बरोबर झाले आहे.

आता तुमचा प्रश्न. मला भेद जाणवतो, आणि तो दाखवणारी एक जोडी मी वर्गात नेहमी देतो. ‘आज सुट्टी आहे असे मी समजलो’ आणि ‘आज सुट्टी आहे हे मला समजले.’ पहिल्या वाक्यातला मुलगा चुकून घरी राहिला आहे, दुसऱ्यातल्याला खरी बातमी कळली आहे. ‘वाटणे’ या क्रियापदापूर्वी ‘असे’च येते. ‘विसरणे’पूर्वी ‘हे’च येते, ‘आज सुट्टी आहे असे मी विसरलो’ असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. ‘सांगणे’, ‘लिहिणे’, ‘सिद्ध होणे’ यांना दोन्ही चालतात, आणि म्हणून तेथे निवड करावी लागते. इंग्रजी ‘दॅट’ या सगळ्यांना एकच आहे. मुलांना इंग्रजी नामवाक्य शिकवताना हे सोपे पडते, भाषांतर करताना मात्र तेच अवघड होऊन बसते.

उपसंपादक

खडूफळा यांची जोडी सुंदर आहे, पण तिच्यावरून नियम निघत नाही. ‘पृथ्वी सपाट आहे हे खोटे आहे’ या वाक्यात ‘हे’ आहे, आणि बोलणारा तर त्या विधानाला खोटेच म्हणतो आहे. म्हणजे ‘हे’ केवळ आधीच्या विधानाकडे बोट दाखवते. ते विधान खरे की खोटे, हे पुढचे क्रियापद ठरवते. ‘समजलो’ आणि ‘समजले’ या रूपांतच फरक आहे, त्याचे श्रेय ‘हे’ला का द्यावे? संपादकांचे कारण मला पटत नाही, कारण ‘असे’ला निव्वळ क्रियाविशेषण म्हणणे अपुरे आहे, पण त्यांनी केलेला बदल चुकीचा होता असेही मला म्हणवत नाही.

इंग्रजी नामवाक्यामुळे मराठीचे खरे नुकसान कोठे होते, ते मी बातम्यांच्या मेजावर रोज पाहतो. ‘मंत्री म्हणाले की ते राजीनामा देणार नाहीत.’ यातील ‘ते’ म्हणजे मंत्री स्वतः की त्यांचे सहकारी? वाक्यावरून कळत नाही. इंग्रजीतही ‘ही सेड दॅट ही वुड नॉट रिझाइन’ संदिग्धच आहे. पण आपल्याकडे ही संदिग्धता टाळण्याची सोय असताना आपण ती उचलून आणली. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्री म्हणाले’ या वाक्यात ‘आपण’ कोण याबद्दल कोणालाही शंका येत नाही. नव्या मुलांना मी एवढेच सांगतो, की बोलणाराचे वाक्य आधी येऊ द्या, मग ‘असे’, आणि शेवटी म्हणणारा.

खडूफळा

‘खोटे आहे’चे उदाहरण बिनतोड आहे; माझा नियम निदान अपुरा तरी आहे, हे मान्य करतो. पण सर्वनामाचा मुद्दा आपण काढलात, तर तो उलट दिशेनेही किती अडचणीचा होतो ते सांगतो. आमच्या वर्गातील एका मुलीला मी मुख्याध्यापकांकडे निरोप देऊन पाठवले होते, की वर्गशिक्षिका उद्या येणार नाहीत. त्या तिला म्हणाल्या होत्या, ‘मी उद्या येणार नाही.’ इंग्रजीत बोलण्याचा आग्रह धरलेला आठवडा होता, म्हणून तिने सांगितले, ‘मॅडम सेड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो.’ मुख्याध्यापकांनी तिलाच गैरहजेरीचे कारण विचारले आणि ती रडवेली होऊन परत आली. तिने मराठी वाक्य प्रामाणिकपणे इंग्रजीत नेले होते. ‘मॅडम म्हणाल्या की मी उद्या येणार नाही’ यात मराठीत काहीही चूक नाही, कारण आपल्या ‘की’नंतर बोलणाराचे मूळ शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, इंग्रजी ‘दॅट’नंतर मात्र पुरुष आणि काळ दोन्ही बदलावे लागतात. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज माय बुक’ या चुकीचे मूळही असेच आहे. ‘माझे पुस्तक कुठे आहे’ हा प्रश्न असो किंवा ‘माझे पुस्तक कुठे आहे ते मला ठाऊक नाही’ या वाक्याचा भाग असो, मराठीत शब्दांचा क्रम हलत नाही. मग इंग्रजीत प्रश्नाचा क्रम नामवाक्यात मोडायचा असतो, हे मुलाला कोणी न सांगता कसे सुचावे? मी ही चूक लाल शाईने खोडणे बंद केले आहे. दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.

मोडीवाचक

चर्चा ‘की’वर आलीच आहे, तर माझे स्पष्ट मत नोंदवतो. हे स्वरूपबोधक ‘की’, म्हणजे पुढे येणाऱ्या वाक्याचा आशय जोडून देणारे ‘की’, फारसीतून आलेले आहे, आणि ‘मला माहीत नाही की तो कुठे आहे’ यांसारखी वाक्ये आज सर्रास लिहिली जातात याला फारसीपेक्षा हिंदी आणि इंग्रजी जबाबदार आहेत. मराठीची जुनी सोय दुसरी होती. पेशवाईतील पत्रे वाचताना ‘विज्ञापना ऐसीजे’ हे शब्द मायन्यानंतर येतात आणि मग मजकूर सुरू होतो. त्यातील ‘जे’ तेच काम करते जे इंग्रजीत ‘दॅट’ करते. बंगालीत आजही नामवाक्यापूर्वी ‘जे’ येते. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तेव्हा कारभारातील फारसी नामांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण वाक्य जोडणारे असे बारीक शब्द तसेच राहून गेले. ते काम आपण पुरे केले पाहिजे. भाषांतरकारांनी तरी ‘की’ टाळावे, अशी माझी विनंती आहे.

मांडवी

‘की’ परके आहे हे मला मान्य नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना ‘कि परिमळांमाजि कस्तुरी’ असे शब्द आहेत. गोव्यात बसून एक इंग्रज मराठीत ओव्या लिहितो आणि त्याला ‘कि’ सहज सुचते, म्हणजे ते लोकांच्या तोंडी मुरलेले असले पाहिजे. संस्कृत ‘किम्’ इतके जवळ असताना फारसीपर्यंत जाण्याचे कारण काय?

मोडीवाचक

आपण दिलेला दाखला खरा आहे, पण तो ‘की’ वेगळा. तेथे ‘पुष्पांमधले मोगरीचे फूल, किंवा परिमळांमधली कस्तुरी’ असा विकल्प आहे. ‘चहा की कॉफी’ यातील ‘की’ तोच, आणि तो ‘किम्’पासून आला असे म्हणण्यास माझी हरकत नाही. ‘तो म्हणाला की’ यातील ‘की’ नामवाक्य सुरू झाल्याची खूण आहे. उच्चार एक म्हणून कूळ एक ठरत नाही.

मांडवी

दोन ‘की’ वेगळे आहेत हे मी समजू शकते, पण ते ऐकणाराच्या मनात वेगळे राहिले असतील यावर माझा विश्वास नाही. ‘तो येईल की नाही ठाऊक नाही’ या वाक्यातील ‘की’ विकल्पाचा आहे, आणि तरीही ते अख्खे वाक्य ‘ठाऊक नाही’चे नामवाक्य आहे. इंग्रजीत जेथे ‘व्हेदर’ येते, तेथे आपला विकल्पाचा ‘की’ आहे. अशा वाक्यांतून एक ‘की’ दुसऱ्यात मिसळला असेल, तर त्याला परका कसे म्हणायचे? शिवाय चारशे वर्षे वापरल्यानंतर शब्दाकडे जन्मदाखला मागणे मला अन्यायाचे वाटते. फारसी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्याबद्दल आदरही आहे. पण नामांची निवड करता येते तशी व्याकरणाच्या सांध्यांची करता येत नाही.

कोंकणीत आम्ही ‘तो येतलो म्हण सांगलें’ असे बोलतो. तेथे ‘की’ची गरजच पडत नाही.

मलप्रभा

मांडवी यांचे ‘म्हण’ वाचून राहवले नाही. माझे बालपण बेळगावात गेले. आमच्या घरी ‘मामा येणार म्हणून आईने सांगितले’ असेच म्हणत. कन्नडमध्ये ‘अंत’, तेलुगूत ‘अनि’, आणि दोन्हींचे मूळ ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूत आहे. आपले ‘म्हणून’ अगदी त्यांच्याच घडणीचे. दख्खनी उर्दूतले ‘बोलके’ही त्याच वळणाचे आहे. संस्कृतात ‘इति’ वाक्याच्या शेवटीच येते. तेव्हा दक्षिणेकडच्या या सगळ्या पट्ट्यात नामवाक्य आधी आणि त्याची खूण नंतर, हीच रीत दिसते, आणि ‘की’ने ती उलटी केली.

पुण्याला शिकायला गेल्यावर माझ्या खोलीतील मैत्रिणीला मी हेच वाक्य बोलले. ती म्हणाली, ‘मामा येणार म्हणून काय सांगितलं आईने?’ तिच्या लेखी ‘म्हणून’ म्हणजे ‘त्या कारणाने’, आणि पुढचा निरोप ऐकायला ती थांबली होती. मी तोच निरोप पुन्हा सांगितला, तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या दिवसापासून मी पुण्यात ‘की’ वापरू लागले, आणि माझे स्वतःचे ‘म्हणून’ मला चुकीचे वाटू लागले. ते चुकीचे नव्हते, हे आज अनेक वर्षांनी लिहिते आहे.

उपसंपादक

मलप्रभा, आपले ‘म्हणून’ निश्चितच चुकीचे नव्हते. ‘विनायक म्हणून एक मुलगा होता’ या वाक्यात तेच ‘म्हणून’ पुण्यातही जिवंत आहे. मोडीवाचक यांना मात्र एक विचारतो. ‘की’ वगळून इंग्रजीतले लांब वाक्य कसे पेलायचे? एका नामवाक्यात दुसरे आणि त्यात तिसरे आले, तर ‘असे’पर्यंत पोहोचेस्तोवर वाचक मुख्य क्रियापदाची वाट पाहून थकतो. तेथे ‘की’ आधी येऊन पुढे काय आहे याची कल्पना देतो. मी स्वतः ‘असे’चा पक्षपाती असूनही आठ-दहा शब्दांपलीकडच्या नामवाक्याला ‘की’ लावतो. शुद्धतेसाठी वाचकाचा श्वास कोंडू नये.

मोडीवाचक

लांब वाक्य मोडावे आणि दोन करावीत. इंग्रजीने तीन वाक्ये एकात कोंबली, म्हणून मराठीने ती तशीच कोंबावीत असे कोणी सांगितले?

अनुस्वार

सर्वांचे मनापासून आभार. दोन वाक्ये करण्याचा सल्ला मला येथे पाळता येत नाही, कारण मुळातल्या एका वाक्याचा आधार दोन्ही पक्षांनी घेतला आहे आणि भाषांतरातही ते एकच राहावे लागेल. ‘की’ मी वापरलेलाच नाही, त्यामुळे तो फारसी असो वा संस्कृत, माझे वाक्य सुरक्षित आहे.

माझ्या प्रश्नावर मात्र मी अजून तेथेच आहे. उपसंपादक यांच्या ‘खोटे आहे’ने माझा युक्तिवाद लंगडा केला, तरीही मी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले: ‘त्याने चोरी केली हे सिद्ध झाले नाही’ आणि ‘त्याने चोरी केली असे सिद्ध झाले नाही.’ पहिले वाक्य ऐकताना माझ्या मनात तो चोर राहतोच. काल घरी वडिलांना दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. ते म्हणाले, दोन्हींत काही फरक नाही. आईला दाखवली, ती म्हणाली, पहिल्यातला माणूस सुटला, दुसऱ्यातला निर्दोष आहे. संपादकांना मी आईचे वाक्य कळवले आहे. त्यांचे उत्तर आलेले नाही.

खडूफळा

आपल्या आईंचे वाक्य मी उद्या दहावीच्या वर्गात विचारणार आहे. मुलांना आधी काहीही न सांगता दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहीन आणि चोर कोणत्या वाक्यात आहे एवढेच विचारीन.

मलप्रभा

तिसरे वाक्यही लिहा: ‘त्याने चोरी केली म्हणून सिद्ध झाले नाही.’ वर्गात सीमाभागातले एखादे मूल असेल, तर ते काय सांगते ते मला ऐकायचे आहे.